थोडी ढील हवी

पुण्यात माणूस आजारी पडला, तर भेटायला येणारे चांगल्या डॉक्टरचे नाव सुचवतात. मोटारसायकल आजारी पडली, तर डॉक्टरला मध्ये न आणता थेट ऑपरेशनच सुचवतात. आमच्या विश्रांतवाडीच्या चौकात आळंदीचा, धानोरीचा आणि विमानतळाचा असे तिन्ही रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे तिन्ही बाजूंचे तज्ज्ञही मिळतात. नावात विश्रांती असली तरी या चौकात ती कोणालाच नाही. दुचाकीवाल्याच्या डाव्या हाताच्या चार बोटांना तर नाहीच नाही.

मध्यंतरी आमच्या गाडीने नवा छंद धरला. रेस दिली की इंजिन गर्जना करायचे, पण गाडी मात्र वरातीच्या चालीने चालायची. चढ आला की विचारूच नका. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यातूनच म्हणाले, "प्लेटा गेल्या. पूर्ण सेट टाका." इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला शेजारचा मुलगा इंजिन उघडायला निघाला होता. एका चकचकीत गॅरेजने खर्चाचा जो कागद दिला, तो पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मुलीच्या क्लासची फी याच महिन्यात आहे. क्लास की क्लच, एकच काय ते ठरवा!"

शेवटी लिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमधल्या पोराकडे गेलो. त्याने पान्याला हातही लावला नाही. एका बोटाने क्लचची दांडी हलवली आणि म्हणाला, "काका, वायरला ढीलच नाही!"

मग त्याने मला शिकवणी दिली, तीही बिनफीची. क्लचच्या प्लेटा स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींना घट्ट धरून असतात. दांडी दाबली की त्या सुटतात. वायर फार ताणलेली असेल, तर दांडी सोडली तरी प्लेटा अर्धवट सुटलेल्याच राहतात, घसरतात आणि जळतात. उलट ढील फार झाली, तर त्या नीट सुटत नाहीत. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही आणि दांडी दाबलेली असतानाही गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकते. बहुतेक गाड्यांना दांडीच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर ढील लागते.

रेसच्या वायरचेही तसेच. गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायचे; आवाज आपोआप चढला, तर वायर ताणली आहे किंवा कुठेतरी अडकते आहे. मूठ सोडली की रेस टपकन खाली आली पाहिजे. येत नसेल, तर गाडी घरी ढकलत न्यायची, बसून नाही. आणि ऑईल मोटारसायकलचेच हवे, डब्यावर 'जासो एमए' लिहिलेले. कारच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्याने क्लच घसरतो. एवढे सगळे पाहूनही गाडी घसरलीच, तर मग प्लेटा!

त्याने नट सैल करून स्क्रू दोन आटे फिरवला. गाडी चढावर अशी निघाली, की मलाच मूठ आवरावी लागली.

आकुर्डीहून 1972 साली चेतक निघाली, तेव्हा तिच्या डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही होते. एका पिढीचे मनगट त्यावर तयार झाले. 2020 साली विजेवरची चेतक बाजारात आली, तिला क्लचच नाही. उद्याच्या मुलांना ही ढील कशी समजावून सांगायची, कोण जाणे!

तूर्त गरज आहे ती त्यांच्या आईबापांना सांगण्याची. आमच्या सोसायटीत बारावीची चार मुले आहेत. पहाटे चारला उठवून बसवतात. खिडक्यांतून पाठांतराची गर्जना येते, पण मार्क जागच्या जागी. लगेच काका जिन्यातून सांगतात, "क्लास बदला!" सेटच्या सेट बदलायला सगळे तयार आहेत. वायरला एक बोट लावून पाहणारे मात्र कोणी नाही.