कागदांचा मेळ

परदेशी स्थायिक होण्याचा विचार घरात प्रथम निघतो, तेव्हा चर्चा होते ती खर्चाची, थंडीची आणि वृद्ध आई-वडिलांपासून पडणाऱ्या अंतराची. कागदपत्रांचा विषय सर्वांत शेवटी येतो. कायम वास्तव्याच्या अर्जाला विलंब मात्र पुष्कळदा त्याच कारणाने होतो. कागद हरवलेले नसतात. त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

कारंजा (लाड) येथील एखाद्या व्यापारी घरातील मुलाचे उदाहरण घेऊ. जन्म १९९४ चा. बी. कॉम. झाल्यावर तीन वर्षे त्याने वडिलांच्या अडत दुकानात हिशेब सांभाळला, नंतर पुण्यात नोकरी धरली. विवाहानंतर पती-पत्नींनी कॅनडासाठी अर्ज करण्याचे ठरविले. त्याच्या जन्मदाखल्यावर जिल्हा अकोला, तर आधार कार्डावर वाशिम. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, कारण १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. घरच्यांना हे ठाऊक असते; कॅनडातील अधिकाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. अर्जासोबत चार ओळींचे स्पष्टीकरणपत्र जोडले, तर शंकेला जागा उरत नाही.

नावांची गुंतागुंत याहून मोठी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर घराण्याचे आडनाव असते आणि पासपोर्टवर ‘जैन’. पत्नीच्या पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. ही दोन नावे जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. लग्नपत्रिका आणि छायाचित्रे त्याची जागा घेऊ शकत नाहीत. नाव बदललेच असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी जपून ठेवावी. मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतरही घरच्या माणसाने केलेले स्वीकारले जात नाही, मग तो कितीही विद्वान असो.

या कामांना क्रम आहे. नावातील दुरुस्ती सर्वांत आधी, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच नावाने निघतो. त्यानंतर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती आणि पदवीचे मूल्यांकन. हे मूल्यांकन पाच वर्षे, तर भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो. भारतातील पोलीस प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळते. त्यासाठीचा पत्ता प्रत्यक्ष राहण्याशी जुळावा लागतो. ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीत निमंत्रण आल्यानंतर पूर्ण अर्ज भरण्यास ६० दिवस मिळतात. शोधाशोध तेव्हा सुरू केली, तर ही मुदत पुरत नाही.

व्यापारी घराची खरी कसोटी अनुभवाच्या पुराव्यापाशी लागते. दुकानातील ती तीन वर्षे खरी होती, कष्टही खरे होते. परंतु ‘घरचाच मुलगा, त्याला पगार कसला?’ या रीतीने त्याला वेतन कधी दिलेच गेले नाही. कॅनडाच्या नियमानुसार केवळ मोबदला घेऊन केलेले काम अनुभव म्हणून धरले जाते. त्यामुळे त्या तीन वर्षांचे गुण मिळत नाहीत.

येथेच मोह उत्पन्न होतो. मागील तारखांच्या पगारपावत्या करून देणारा कोणीतरी भेटतोच. तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ स्पष्ट सांगितली आहे. खोटा लेख करणे म्हणजे व्रताला लागलेला दोष. कॅनडाचा कायदाही कठोर आहे: चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास पाच वर्षे प्रवेश बंद होतो. तीन वर्षांच्या गुणांसाठी पाच वर्षे गमावणे हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचा सौदा होय. त्या मुलाने पुण्याच्या नोकरीचा अनुभव तेवढा दाखवावा आणि दुकानातील वर्षे अर्जात जशी होती तशी, विनावेतन म्हणूनच लिहावीत.

गेलेली वर्षे परत येत नाहीत, परंतु आज दुकानात बसणाऱ्या मुलामुलींसाठी वेळ आहे. नेमणुकीचे पत्र द्यावे, वेतन बँकेतून द्यावे, त्याचे आयकर विवरणपत्र भरावे. मूल भागीदार असेल, तर भागीदारीपत्र, उत्पन्नाचे पुरावे आणि ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांचे कागद जपावेत. स्वतःच्या कामाविषयी स्वतःच केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले जात नाही.

निधीचेही तसेच. घर आणि दुकान यांची किंमत त्यात मोजली जात नाही. पैसा अर्जदाराच्या किंवा जोडीदाराच्या खात्यावर असावा लागतो. वडिलांनी रक्कम दिली, तर ती परत घ्यावयाची नाही असे भेटपत्र सोबत असावे आणि रक्कम वेळेवर खात्यात यावी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम प्रश्न निर्माण करते.

रोज रात्री रोकड जुळल्याशिवाय दुकान न लावणाऱ्या घरांना ही शिस्त नवीन नाही. जमा-नावेच्या दोन बाजू जशा जुळवतात, तशीच एका माणसाच्या सर्व कागदांवरील नावे, तारखा व ठिकाणे एका कोऱ्या पानावर लिहून ताडून पाहावीत. जेथे फरक दिसेल, तेथून कामाला आरंभ करावा.