काळोखाचं माप

गोणपाटाची, वीतभर उंचीची एक बाहुली डोळे उघडते. पोटावर उभी झिप, डोळ्यांच्या जागी भिंगं, त्यांवर मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झडपा आणि पाठीवर रंगवलेला ९ हा आकडा. तिला घडवणारा शास्त्रज्ञ त्याच खोलीत मरून पडलेला आहे. बाहुली खिडकीशी जाते, तर बाहेर शहराचा नुसता सांगाडा उरलेला. ती बोलू पाहते, पण आवाजच फुटत नाही. 'नाइन' हा ॲनिमेशनपट असा सुरू होतो. शेन ॲकर या दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. निर्मात्यांमध्ये टिम बर्टन आणि तैमूर बेकमाम्बेतोव. अमेरिकेत तो नावाला साजेशा मुहूर्तावर, म्हणजे २००९ सालच्या नवव्या महिन्यातल्या नऊ तारखेला लागला. लांबी अवघी ७९ मिनिटं. खर्च सुमारे ३ कोटी डॉलर आणि जगभरची कमाई ५ कोटींच्या आत. साफ आपटला असं म्हणता येत नाही. पण पाहून कोणी निर्माता त्या वाटेला जायला हुरूप धरेल, असंही ते यश नव्हतं.

या सिनेमाबद्दल प्रेक्षकांनी जे म्हटलं, ते सिनेमाइतकंच विचार करण्याजोगं आहे. दृश्यांची तारीफ जवळजवळ सगळ्यांनी केली: गंजलेली यंत्रं, राखाडी-तांबूस आकाश, टाके घातलेल्या कापडी कातडीचा दिसणारा पोत. त्यापुढे मात्र दोन तक्रारी आल्या. एक पालकांच्या बाजूची: हे फार काळोखं आहे, मुलांना दाखवण्याजोगं नाही. दुसरी मोठ्या प्रेक्षकांची: यातली गोष्ट पातळ आहे, पोरांसाठी लिहिल्यासारखी. म्हणजे एकच सिनेमा मुलांना झेपत नाही आणि मोठ्यांना पुरत नाही. अशा वेळी आपण सहज म्हणून मोकळे होतो की सिनेमा ना धड इकडचा, ना धड तिकडचा. मला ते पटत नाही. पहिल्या तक्रारीचं दुखणं खरं असलं तरी तिने त्याला नाव चुकीचं दिलं आहे. दुसरी तक्रार बरोबर आहे, पण तिचं मूळ पहिल्या तक्रारीच्या धास्तीत आहे.

आधी काळोखाचं पाहू. 'नाइन'च्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, पिक्सारचा 'वॉल-ई' आला होता. त्यातली पृथ्वीही मेलेलीच आहे. साल २८०५, सातशे वर्षांपूर्वी माणसं कचऱ्याचे डोंगर मागे ठेवून निघून गेलेली, आणि एक गंजका यंत्रमानव एकट्याने तो कचरा दाबून विटा रचत बसलेला. त्याच्यासारखे बाकीचे केव्हाच बंद पडलेत; त्यांचेच सुटे भाग तो स्वतःला लावतो. नीट विचार केला तर हे काही कमी भयाण चित्र नाही. तरीही या सिनेमाला अमेरिकेत सर्वांसाठी खुलं असल्याचं 'जी' प्रमाणपत्र मिळालं, त्याने ५० कोटी डॉलरहून अधिक कमावले, ऑस्कर पटकावलं, आणि कुटुंबंच्या कुटुंबं तो पाहून प्रसन्न मनाने बाहेर पडली. 'नाइन'ला मात्र हिंसा आणि भीतिदायक दृश्यांसाठी 'पीजी-१३' मिळालं. दोन्हीकडे उजाड पृथ्वी, दोन्हीकडे छोटा, गोल भिंगांच्या डोळ्यांचा नायक. मग फरक कुठे पडला? यंत्र-राक्षसांच्या पाठलागात, हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. पाठलाग आणि राक्षस मुलांच्या सिनेमांत ढिगाने असतात.

फरक दोन गाण्यांत दिसतो. वॉल-ई रोज संध्याकाळी एका जुन्या व्हिडिओ कॅसेटवर १९६९च्या 'हॅलो, डॉली!' या संगीतपटातली गाणी पाहतो, हातात हात घेणारी माणसं पाहून स्वतःच्या लोखंडी बोटांकडे बघतो. 'नाइन'मध्ये शत्रू-यंत्राचा कारखाना जाळल्यावर ९ आणि तिच्यासारख्या इतर बाहुल्यांना एक ग्रामोफोन सापडतो. १९३९च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधलं ज्युडी गार्लंडचं गाणं वाजू लागतं आणि त्या इवल्याशा कापडी जिवांचा आनंद ओसंडून वाहतो. दोन्ही प्रसंगांत माणसांचा आवाज आहे आणि ऐकायला माणूस नाही. पण 'वॉल-ई'मध्ये ज्यांचं ते गाणं, ती माणसं शेवटी अंतराळातून परत येतात, अडखळत का होईना पृथ्वीवर उभी राहतात, रोप लावतात. तिथे गाणं वारसाला मिळतं. 'नाइन'मध्ये वारसच नाही. सुरुवातीलाच एका मोटारीत आई आणि तिचं तान्हं मूल मेलेलं दिसतं. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत एकही जिवंत माणूस येत नाही. बाहुल्या गाण्यात रमलेल्या असतानाच मागे राखेतून ते यंत्र पुन्हा उठतं. प्रेक्षकाला धक्का त्या यंत्राचा बसतो. आत रुतून राहतं ते गाणं. म्हणून मी म्हणतो, प्रेक्षक ज्याला काळोख म्हणाला तो रंगांचा किंवा राक्षसांचा नव्हता. गेलेलं माणूस परत येणार नाही, एवढं साधं, अवघड सत्य या सिनेमाने ॲनिमेशनमध्ये सांगितलं, आणि ॲनिमेशनकडून ते ऐकायची आपल्याला सवय नाही.

ही सवय आपली आपण लागलेली नाही. मराठीत एखाद्याला 'कार्टून आहे नुसता' म्हटलं की त्याला गंभीरपणे घ्यायचं कारण नाही, असा अर्थ होतो. शब्दातच निकाल लागलेला असतो. पण ही समजूत पक्की करण्यात धंद्याचाही हात आहे. हायाओ मियाझाकी यांचा १९८४ सालचा 'नाउसिका' माणसाच्या महायुद्धानंतर विषारी झालेल्या पृथ्वीची गोष्ट सांगतो. पुढल्याच वर्षी तो अमेरिकेत पोचला तेव्हा वितरकांनी नाव बदललं आणि वीसहून अधिक मिनिटं कापून त्याचा पोरांसाठी साहसपट करून टाकला. काळोख सोसेल की नाही, हे प्रेक्षकाला विचारण्याआधीच त्याच्या वतीने ठरवलं गेलं. ब्रिटनमध्ये याच्या उलट झालं. १९७८च्या 'वॉटरशिप डाउन'ला, सशांची गोष्ट म्हणून, सर्वांसाठीचं 'यू' प्रमाणपत्र मिळालं. त्यातले रक्ताळलेले ससे पाहून पोरं घाबरत राहिली, पालक कुरकुरत राहिले, आणि चार दशकांनंतर ते प्रमाणपत्र एका पायरीने कडक झालं. दोन्ही घटनांत चूक एकच: माध्यम पाहून माल ठरवणं. चित्रं हाताने किंवा संगणकावर काढली आहेत, एवढ्यावरून आतली गोष्ट कोणासाठी आहे हे कळत नाही.

इथे पालकांची बाजू झटकून टाकता येणार नाही. सहा वर्षांचं पोर प्रमाणपत्र वाचत नाही. ते बाहुली बघून हट्ट धरतं. आणि एकदा पाहिलेलं दृश्य मनातून पुसता येत नाही. 'नाइन'मध्ये एक सापासारखं यंत्र मेलेल्या बाहुलीचा देह आमिष म्हणून समोर नाचवतं. लहान मुलाने ते पाहू नये, असं वाटणाऱ्या आई-बापाला भित्रं म्हणणं अन्यायाचं आहे. पण यावरून 'मुलांना काळोख नको' हा निष्कर्ष निघत नाही. मराठी घरांत बोलता न येणाऱ्या पोरालाही जी पहिली गोष्ट सांगतात, तीत पावसाने कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो भिजत चिमणीच्या दाराशी उभा राहतो, आणि दार काही लवकर उघडत नाही. काही घरांत ती गोष्ट तिथेच थांबते, काही घरांत कावळा ऊब घ्यायला तव्यावर बसतो आणि भाजतो. बेघर होणं, नकार आणि मरण, तिन्ही त्या एवढ्याशा गोष्टीत आहेत, आणि पोर ती रोज मागून ऐकतं. कारण सांगणारीला मात्रा ठाऊक असते. पोराचा चेहरा बघून ती तवा गाळते किंवा कावळ्याची नुसती शेपटी जाळते. सिनेमाला प्रेक्षकाचा चेहरा दिसत नाही. तो सगळ्यांना एकच मात्रा देतो. म्हणजे पालकांचा खरा आक्षेप काळोखावर नसून शेजारी सांगणारं माणूस नसण्यावर आहे, आणि त्यावरचा उपाय सिनेमा उजळ करणं हा नव्हे. शेजारी बसणं हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. काळोख म्हणजे खोली नव्हे. राख, धूर आणि मोडक्या कवट्या दाखवून गांभीर्याचा आव आणणं सोपं आहे, आणि प्रलयानंतरच्या गोष्टींत तो आव पुष्कळदा असतो. हे मला मान्य आहे. यासाठीच जिमी मुराकामी यांचा १९८६ सालचा 'व्हेन द विंड ब्लोज' शेजारी ठेवून पाहावा. रेमंड ब्रिग्ज यांच्या चित्रपुस्तकावरून केलेल्या या सिनेमात राक्षस नाही, पाठलाग नाही. ब्रिटनच्या एका खेड्यात जिम आणि हिल्डा हे म्हातारं जोडपं राहतं. अणुयुद्धाची बातमी येते, तेव्हा जिम सरकारी पत्रकात सांगितलंय तसं करतो: घराची दारं काढून भिंतीला तिरपी टेकवतो, खिडक्यांना पांढरा रंग फासतो. बॉम्ब पडतो. दोघं वाचतात, चहा करू बघतात, पावसाचं पाणी पितात, मदत येईल म्हणून वाट बघतात. हळूहळू केस गळतात, अंगावर डाग उठतात. शेवटी दोघं बटाट्याच्या पोत्यांत शिरून आडवी होतात. पडद्यावर भयंकर म्हणावं असं फारसं काही नाही आणि तरीही तो 'नाइन'पेक्षा कितीतरी काळोखा आहे, कारण तो कुठेही डगमगत नाही. म्हाताऱ्यांना जे कळत नाही ते आपल्याला कळतं, आणि त्यांच्या तोंडून ते वदवून घेण्याचा मोह दिग्दर्शकाला होत नाही. काळोखाचं खरं माप हे: किती दाखवलं यापेक्षा किती समजावलं नाही.

या मापाने 'नाइन' तोलला की मोठ्या प्रेक्षकांची तक्रार पटते. ॲकर यांनी विद्यार्थी असताना याच नावाचा लघुपट केला होता. २००५ सालचा, सुमारे अकरा मिनिटांचा. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्यात एक शब्द बोलला जात नाही. जग कशाने संपलं, बाहुल्या कोणी केल्या, आकडे कशाचे, काही सांगत नाहीत. एक हाडकुळं यंत्र-श्वापद बाहुल्यांची शिकार करतं, एक बाहुली त्याला युक्तीने मारते, आणि एकटीच चालू लागते. पाहणाऱ्याला कळायचं ते कळतं. मोठ्या सिनेमात बाहुल्यांना आवाज मिळाला आणि त्या खुलासे करू लागल्या. जुन्या वृत्तपटातून हुकूमशहाची कथा कळते, शास्त्रज्ञाच्या चित्रफितीतून त्याने आपला आत्मा नऊ ठिकाणी वाटल्याचं कळतं, मंतरलेल्या ताईतासारख्या वस्तूने काय करायचं तेही कळतं. आणि गंमत म्हणजे उत्तम जागा अजूनही न सांगितलेल्याच आहेत. ९ क्रमांकाची बाहुली नुसत्या कुतूहलाने ती वस्तू यंत्रात बसवते, यंत्र जागं होतं, आणि तिला आवाज देणारा मित्र त्यात मरतो. आपल्याच हाताने आपला उपकारकर्ता गेला, हा अपराध मोठ्या कादंबरीला पुरेल एवढा आहे. सिनेमा त्यावर क्षणभर थांबतो आणि पुढच्या झटापटीकडे पळतो. इतरांना चर्चमध्ये दडवून ठेवणारा भेकड म्होरक्या शेवटी दुसऱ्याच्या जागी मरणं पत्करतो, त्यालाही पुरती उसंत मिळत नाही. प्रेक्षक कंटाळेल, घाबरेल, गोंधळेल, या काळजीने सिनेमा आपल्याच काळोखाला दिवा दाखवत सुटतो. गोष्ट पातळ झाली ती अशी.

शेवटाबद्दलही प्रेक्षक दुभंगले. मेलेल्या बाहुल्यांचे आत्मे मुक्त होऊन आकाशात जातात, पाऊस पडतो, आणि थेंबांत सूक्ष्म जीव चमकतात. कोणाला हा गोडवा ओढूनताणून आणलेला वाटला, कोणाला हाच शेवट हताश करणारा वाटला. एकाच थेंबातून दोघांनी दोन गोष्टी वाचल्या, आणि दोन्ही वाचणं रास्त आहे. तो थेंब आशेचाच आहे; फक्त ती आशा आपल्यासाठी नाही. जीवसृष्टी पुन्हा सुरू होईल, माणूस होईलच असं कोणी सांगितलेलं नाही. माणसावाचूनच्या आशेला आशा म्हणायचं की नाही, हा प्रश्न ७९ मिनिटांच्या एका बाहुल्यांच्या सिनेमाने विचारला आणि उत्तर दिलं नाही. सगळे खुलासे करून दमलेला सिनेमा नेमका इथे गप्प राहिला, हे त्याचं मोठं भाग्य.

तेव्हा माझा निकाल असा: 'नाइन' हा फार काळोखा सिनेमा नाही, तो पुरेसा काळोखा राहायला कचरलेला सिनेमा आहे, आणि त्या कचरण्यात आपल्या अपेक्षेचाही वाटा आहे. तरीही तो पाहावा. चिमुरड्यांना घेऊन नको, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर, शेजारी बसून पाहावा. संपल्यावर ती विचारतील, माणसं कुठे गेली? त्या प्रश्नाला लगेच 'अरे, सिनेमा आहे तो' म्हणू नये.