बंब आला का?

दररोज रात्री नऊच्या सुमारास नागपुराहून आम्हांला एकच प्रश्न विचारला जातो : ‘बाबा, आज बंब आला का?’ आम्ही जेवलो की नाही, रजेचा अर्ज पुढे सरकला की नाही, हे प्रश्न त्यानंतर येतात आणि ते दुसऱ्या आवाजात येतात. पहिला प्रश्नकर्ता इयत्ता दुसरीत आहे. बंब आला असेल तर आम्ही त्याचे चित्रण केलेले असते. ते आम्ही मोबाइलवरून पाठवतो; तो ते पाहतो, पुन्हा पाहतो, आणि बापाच्या रायपुरातील वास्तव्याला काही अर्थ आहे, असे त्याच्या मुद्रेवर उमटते. बंब आला नसेल तर रुग्णवाहिकेवर भागते. तीही आली नसेल, तर त्या दिवशी आम्ही सरकारचा पगार फुकट घेतला असे समजावे.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. पदाचे नाव अलीकडे पुष्कळ भारदस्त झाले आहे, पण टेबलावरचे कागद ते नाव वाचत नाहीत. बदलीचा हुकूम आला तेव्हा सौभाग्यवतींची नोकरी, मुलाची शाळा आणि मातुःश्रींचे गुडघे, ही तिन्ही नागपूर सोडावयास तयार नव्हती. बिऱ्हाडाचे असे दोन तुकडे होणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही समजावून सांगावे असे नाही. रेल्वेने नागपूर तीनशे किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. शनिवारी रात्री जावे, रविवारी रात्री परतावे, आणि सोमवारी सकाळी डोळे चोळीत हजेरीपुस्तकासमोर उभे राहावे.

आमच्या आजोबांच्या उमेदीत ही बदली परप्रांतातली ठरली नसती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर ही रायपूरचीही राजधानी होती. त्याही पूर्वी बिंबाजी भोसले रतनपुरास राहून १७८७ पर्यंत छत्तीसगडचा कारभार पाहत. आज तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ या खुणा नवागत मराठी माणसाला थोडा धीर देतात. असो. इतिहास काढून बदली रद्द होत नाही.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिच्या सज्जातून जी. ई. रोडचा एक तुकडा दिसतो. कलकत्त्याहून पश्चिमेकडे येणारा हा जुना ग्रेट ईस्टर्न रस्ता. शहरात कोठे काही पेटले किंवा कोणी कोसळले, की त्याची वर्दी या रस्त्याने आमच्यापर्यंत येते. पहिल्या महिन्यात एका रात्री मुलाशी बोलत असतानाच खालून बंब गेला. घंटा आणि भोंगा ऐकून तिकडे तो पलंगावर उभा राहिला. आम्ही मोबाइल घेऊन धावलो, तेव्हा त्याला दिसला तो फक्त आमचा अंगठा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही या विद्येचा रीतसर अभ्यास सुरू केला.

‘बंब’ हा शब्द रायपुरात चालत नाही. येथे ‘दमकल’ म्हणतात. आमच्या कचेरीतील शिपायाने आमचा बंब ऐकून घेतला आणि मराठी लोक दमकलला ‘बम’ म्हणतात, ही भयंकर बातमी मजलाभर पसरवली. मूळ शब्द पोर्तुगीज, पाणी उपसण्याच्या पंपाचा. पण आपण तो किती मोठ्या मनाने वापरला पाहा. पोटात विस्तव घेऊन न्हाणीघरात पाणी तापवतो तोही बंब, आणि पोटात पाणी घेऊन विस्तव विझवायला धावतो तोही बंबच. आमच्या आजीच्या तांब्याच्या बंबाला आम्ही लहानपणी घंटा बांधली होती. त्याबद्दल मिळालेला प्रसाद अजून स्मरणात आहे, आणि मुलाला हे वेड कोठून आले याचा उलगडाही त्यात आहे.

हा छंद आमच्या एकट्याचा नाही, हे पुढे कळले. न्यूयॉर्क, लंडन येथे कित्येक मंडळी अग्निशामक केंद्रासमोर तासन् तास उभी राहून गाड्या बाहेर पडण्याची वाट पाहतात. त्यांची चित्रणे आम्ही पाहिली आहेत. आधी रिकामा रस्ता, दूरवर भोंगा, मग लाल धूड कोपरा वळून समोरून निघून जाते आणि रस्ता पुन्हा रिकामा. गाडीचा क्रमांक, बांधणी, शिडीची उंची, सारे त्यांना मुखोद्गत असते. कॅमेऱ्यालाही हे वेड त्याच्या बालपणापासूनच आहे. जेम्स विल्यमसन या इंग्रज गृहस्थाने १९०१ मध्ये होव्ह गावच्या अग्निशामक दलालाच कामास लावून ‘फायर!’ हा चित्रपट केला. अमेरिकेत एडविन पोर्टरने १९०३ मध्ये तोच विषय घेतला. आपल्याकडे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या परांजप्यांचे स्वागत टिपले. डोळ्यांसमोर घडते आहे ते यंत्रात धरून ठेवावे, ही ऊर्मी मराठी माणसाला नवी नाही. कचेरीत आमची थट्टा झाली, तेव्हा आम्ही सावेदादांचा आधार घेतला. मुख्य लिपिकांनी सावेदादा कोणत्या खात्यात आहेत, असे विचारले.

आम्ही शिकलो ते सामान्यच. गाडीमागे कॅमेरा फिरवू नये. तिला चौकटीत येऊ द्यावे आणि जाऊ द्यावे. रुग्णवाहिकेच्या कपाळावरील इंग्रजी अक्षरे उलटी का, हा नागपूरचा प्रश्न आला तेव्हा त्याला आईच्या स्कूटरच्या आरशात आमचे चित्रण दाखवावयास सांगितले. अक्षरे सुलटी झाली, आणि त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक वस्तूला आरसा पाहावा लागला. भोंगा जवळ येताना चढा आणि समोरून गेल्यावर एकदम उतरलेला का वाटतो, तेही पदवीधर असूनही आम्हांला पुन्हा वाचावे लागले. डॉप्लर या शास्त्रज्ञाने हे १८४२ मध्ये मांडले आणि १८४५ मध्ये हॉलंडात आगगाडीवर वादक बसवून लोकांनी त्याचा पडताळा घेतला. आमच्या प्रत्येक चित्रणात तो स्वर त्याच जागी, सज्जाच्या कठड्याशी, खाली पडतो.

५ एप्रिल २०२४ रोजी दुपारी गुढियारी भागात वीज वितरण कंपनीच्या भांडाराला आग लागली. रोहित्रांचा प्रचंड साठा तेथे होता, आणि रोहित्रांत तेल असते. धूर कित्येक किलोमीटरांवरून दिसत होता. कचेरीच्या गच्चीवर साहेबांपासून शिपायापर्यंत सारे हात वर करून उभे होते, आणि प्रत्येक हातात मोबाइल होता. स्फोटाचा आवाज आला की गच्चीवर ‘अरे बाप रे’ उठे. त्यात भीती किती आणि कौतुक किती, हे सांगणे कठीण होते. आम्हीही चित्रण केले. तेलाच्या आगीवर नुसते पाणी ओतून भागत नाही, फेसाचा थर पसरून हवा तोडावी लागते, हे आम्ही रात्री मोठ्या अधिकाराने सांगू लागलो. तेव्हा बालवाडीत असलेल्या श्रोत्याने मध्येच विचारले, ‘तिथली माणसं कुठे गेली?’ आसपासची घरे रिकामी करवली, असे आम्ही सांगितले. ‘मग ती झोपली कुठे?’ याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

हा त्याचा नेहमीचा डाव. रुग्णवाहिका पाठवली की विचारणार, ‘आत कोण होतं?’

‘पेशंट.’

‘बरा झाला का तो?’

‘झाला असेल.’

‘असेल’ हा आमच्या कचेरीत फार उपयोगी पडणारा शब्द आहे. नागपुरात तो चालत नसे.

पुढच्या वर्षी १४ एप्रिलला आम्ही मुद्दाम अग्निशामक केंद्रावर गेलो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले. त्याच्या पोटात कापूस आणि स्फोटके एकत्र होती. कापसाची आग विझवायला चढलेले मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान दोन स्फोटांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळतात. तेथे एका प्रौढ जवानाला आम्ही आमच्या छंदाविषयी सांगितले. वाटले, तो खूश होईल. तो म्हणाला, ‘बाबूजी, आप तो ऊपर से लेते हो, ठीक है. नीचे लोग इतने खड़े रहते हैं कि पाइप घसीटने की जगह नहीं मिलती.’ आम्ही वरून घेतो, एवढ्यावर आम्ही समाधान मानून परतलो.

गेल्या श्रावणात एका रात्री साडेदहाला १०८ ची गाडी आमच्याच गल्लीत शिरली. ही सेवा हैदराबादेत २००५ मध्ये निघाली आणि २०११ पासून छत्तीसगडात आहे. तिच्या गाड्या आम्ही शेकड्याने टिपल्या होत्या, पण इतक्या जवळून एकही नाही. पाऊस नुकताच थांबला होता. ओल्या भिंतींवरून निळा प्रकाश फिरत होता, आणि आमच्या मनात प्रथम आले ते हेच, की अशी चौकट पुन्हा मिळणार नाही. गाडी आमच्याच दारात थांबली, तेव्हा आम्ही चित्रण करीतच जिना उतरू लागलो.

पहिल्या मजल्यावर निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी राहतात. मुलगा परगावी, सून त्याच्याजवळ. सणासुदीला ठेठरी-खुरमीची ताटली वर येते ती त्याच घरातून. दोघे जण गुरुजींना स्ट्रेचरवर घेऊन बाहेर येत होते. आमचा जिना अरुंद, त्यात वळणावर पायऱ्या निमुळत्या झालेल्या. स्ट्रेचर वळेना. मागच्या पोराचा हात ओल्या कठड्यावरून घसरला. अम्माजींनी वर पाहिले आणि म्हणाल्या, ‘भैया, जरा पकड़ लो.’

आम्ही पकडले. किती वेळाने, हे त्या रात्री विचारले असते तर ‘ताबडतोब’ म्हणालो असतो. परंतु यंत्र बंद करण्याचे आम्हांस सुचले नव्हते. ते तसेच खिशात गेले आणि चालू राहिले. अम्माजींचे वाक्य संपल्यापासून चित्र काळे होईपर्यंत सात सेकंद जातात. त्या सात सेकंदांत स्ट्रेचर उत्तम दिसते.

गाडीत अम्माजींबरोबर आम्ही बसलो. रुग्णवाहिकेची वाट अडवणाऱ्यास दहा हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते, अशी तरतूद कायद्यात २०१९ मध्ये झाली आहे, आणि आम्ही ती कचेरीत अनेकदा ऐकवली आहे. पुढे एक मालमोटार आडवी होती. ती कोणालाच अडवावयाची नव्हती, तिला हलायलाच जागा नव्हती. अम्माजी गुरुजींच्या तळपायांना हात घाशीत होत्या. मागच्या काचेतून एका चौकात पदपथावर उभा असलेला एक तरुण दिसला. त्याने मोबाइल आडवा धरला होता, अगदी शास्त्रशुद्ध. आमच्यामागे तो फिरवला नाही. भोंगा डोक्यावर वाजत होता. आत बसलेल्याला त्याचा स्वर उतरत नाही. तो रुग्णालयाच्या दारापर्यंत तसाच राहतो.

त्या आठवड्यात नागपूरला आम्ही काही पाठवले नाही. गुरुजींना काय झाले, एवढे सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, अम्माजींना डबा नेऊन देता ना?’ ते मात्र आम्ही केले होते. चिरंजीव रोज विचारी, ‘आजोबा आले का?’ बंबाचे नाव त्याने काढले नाही.

अर्धांगाचा झटका होता. गुरुजी सतराव्या दिवशी परत आले. उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो, वाचा मात्र बरीच सुटली आहे. संध्याकाळी त्यांना दारातल्या खुर्चीवर बसवतात. एके दिवशी आम्ही कचेरीतून परतत असता त्यांनी थांबवले. म्हणाले, ‘सुना है, आप वीडियो बनाते हैं. उस रात का है क्या? मुझे कुछ याद नहीं.’ अम्माजी शेजारी पोळ्यांचे पीठ चाळीत बसल्या होत्या.

नाही म्हणणे सोपे होते. पुसून टाकले, असे सांगता आले असते. अनेक रात्री तसा विचारही केला होता. आम्ही काढून दिले. निळा प्रकाश आला, जिना आला, स्ट्रेचर वळणावर अडले, ‘भैया, जरा पकड़ लो’ ऐकू आले, आणि पुढचे ते सात सेकंद आम्ही तिघांनी पाहिले. अम्माजींची चाळण थांबली होती की काय, हे पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. मग चित्र काळे झाले. काळोखात पावले, धापा, आमचे ‘सावकाश, सावकाश’, आणि त्या सर्वांवर अम्माजींचा आवाज. त्या गुरुजींना त्यांच्या नावाने हाक मारीत होत्या. छत्तीसगडातही त्या पिढीची स्त्री पतीचे नाव घेत नाही.

गुरुजींनी तो काळा भाग पुन्हा लावावयास सांगितला. दोनदा लावला. अम्माजी पदर सावरीत आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

आम्ही बसून राहिलो. नऊ वाजता खिशात नागपूर वाजू लागले. पडदा गुरुजींकडे वळवून आम्ही सांगितले, ‘हे बघ, आजोबा आले.’ त्याने त्यांना पुष्कळ वेळ निरखले. गुरुजींनी डावा हात वर केला.

‘आजोबा, आत बसल्यावर सायरन मोठ्ठा ऐकू येतो का?’

आम्ही हिंदीत सांगितले. गुरुजी हसले, आणि डाव्या हाताचे बोट आमच्याकडे करून म्हणाले, ‘बेटा, इनसे पूछो. ये बैठे थे.’