टांचणीनें उतरविलेलें विमान

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजीं उड्डाणें सुरू झालीं, आणि तेव्हांपासून आमच्या उरणच्या घरांतील दहा वर्षांच्या नातवाचें लक्ष जमिनीवर राहीनासें झालें. गेल्या सुटींत त्यानें हट्ट धरिला कीं, आपण घरींच विमान करावयाचें. उरणांत आरमाराचें ठाणें आहे, तेल व वायूचा मोठा प्रकल्प आहे. अशा ठिकाणीं यंत्रावर उडणारें विमान सोडणें इष्ट नव्हे, हें मीं त्याला आधींच बजाविलें. तेव्हां हातानें फेंकावयाचें बिनयंत्राचें ग्लायडर करावें, असें ठरलें. त्याच्या वडिलांनीं संगणकावरून आराखडा छापून आणिला, पांच मिलिमीटर जाडीचे फोमबोर्डाचे तक्ते आणिले, आणि "बाकीचें आजोबा पाहतील" असें म्हणून ते आपल्या कामास निघून गेले.

आराखडा बारा पानांवर विभागलेला होता. पानांच्या कडांना जुळणीच्या खुणा होत्या. आम्हीं तीं पानें खिडकीच्या कांचेवर धरून, खुणेवर खूण आणून, चिकटपट्टीनें जोडलीं. एका कोपऱ्यांत एक रेघ काढलेली होती व ती दहा सेंटिमीटर भरली पाहिजे, अशी तिच्याखालीं सूचना होती. मापून पाहतों तों ती ९.४ भरली! छापणाऱ्या यंत्राला चित्र 'पानांत बसविण्याची' आज्ञा गेली होती, आणि त्यानें सगळें विमान शेंकडा सहानें आंखडून टाकलें होतें.

"थोडें लहान झालें तर काय बिघडलें, आजोबा?" नातवानें विचारलें.

प्रश्न रास्त होता. मला बौधायनाच्या शुल्बसूत्रांतील श्येनचिति आठवली. ससाण्याच्या आकाराची ती यज्ञवेदी साडेसात वर्ग पुरुष क्षेत्राची. पांच थर आणि प्रत्येक थरांत दोनशें विटा. पुढील चितीचें क्षेत्र एकेक वर्ग पुरुषानें वाढवावयाचें, परंतु पक्ष्याच्या अंगांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण ढळूं द्यावयाचें नाहीं. तेथें चितीच्या मानानें विटाही मोठ्या करतां येत. आमचा फोमबोर्ड मात्र कारखान्यांतून आपली जाडी ठरवूनच आलेला. आराखड्यांत पंख बसविण्याची खांच पांच मिलिमीटरांची. ती आंखडून ४.७ झाली, तर पांचाचा तक्ता तिच्यांत शिरावा कसा? दामटून शिरविला, तर आंतील फेस चिरडणार. नातवाला हें पटलें. पानें मूळ मापानें पुन्हां छापून आणविलीं. रेघ बरोबर दहा भरली.

आतां कागदावरील रेघा तक्त्यावर उतरवावयाच्या. प्रथम एक जुनें, वायां गेलेलें पान मीं खळीनें एका तुकड्यावर चिकटविलें. ओलाव्यानें तो तुकडा पापडासारखा वांकडा झाला. मग कार्बनचा कागद घालून गिरविलें, तर पेन्सिलीच्या दाबानें तक्त्याला खळ्या पडल्या आणि हाताखालीं शाई फांसली. मी चष्मा काढून विचार करीत बसलों असतां आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणालें, "अहो, अभ्र्यावर वेल उतरवतांना आम्ही काय कापडाला खळ लावीत होतों? कागद टोंचायचा, आणि वरून रॉकेलांत कालवलेली नीळ फिरवायची. इथें तर निळीचीही गरज नाहीं."

खरोखरच गरज नव्हती. कागद तक्त्यावर पसरून कडेला चिकटपट्टी लावली. सरळ रेघेच्या दोन्ही टोंकांना एकेक छिद्र, आणि वळणावर सेंटिमीटरागणिक एक, अशीं टांचणीनें छिद्रें पाडलीं. कागद उचलला, ठिपके जोडले. रांगोळीच व्हावी तसा पंख उमटला. तोच कागद पालथा घातला, तेव्हां दुसऱ्या बाजूचा पंखही मिळाला. कागद जसाच्या तसा राहिला. कापतांना नवें पातें घेऊन एकाच जागीं तीन हलके हात दिले: पहिला वरच्या कागदास, दुसरा फेसास, तिसरा खालच्या कागदास.

परंतु टांचणी हातांत असतांनाच माझें मन पसतीस वर्षें मागें गेलें होतें. मोऱ्याच्या एका कोळ्याच्या मुलानें वहींत कोंकण किनाऱ्याचा नकाशा काढून आणिला होता. तो इतका हुबेहूब होता कीं मला संशय आला. वर्गाचें नकाशाचें पुस्तक उघडून पाहिलें, तों किनाऱ्यावर टांचणीचीं बारीक छिद्रें! पुस्तक खराब झालें होतें, हें खरें. पण माझा राग तेवढ्यासाठीं नव्हता. "ही चोरी आहे" असें सर्व वर्गासमक्ष म्हणून मीं तें पान फाडलें आणि त्याला छड्या मारिल्या. तें पान करण्यास किती धीर लागला असेल, हें मला त्या दिवशीं, एक पंख टोंचतां टोंचतां बोटें दुखूं लागलीं तेव्हां, प्रथमच कळलें. जी युक्ति घरांत वेल उतरवी तेव्हां मला कौशल्य वाटे, ती त्याच्या हातीं चोरी कां वाटली? याचें उत्तर मला ठाऊक आहे, आणि तें मला भूषणावह नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मी करंजाच्या बंदरावर गेलों. त्याची आतां तेथें स्वतःची होडी आहे. मीं सर्व सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. "छड्या विसरलों, गुरुजी," तो म्हणाला, "पण तें पान नाहीं विसरलों. रेवदंड्याची खाडी अगदीं जागेवर आली होती."

"आली होती," मीं म्हटलें.

मग विमानाची हकीकत निघाली. "सकाळीं लवकर पिरवाडीला जा," त्यानें सांगितलें. "मतलई वारा असतो. पाठ समुद्राकडे करून फेंका, म्हणजे विमान पाण्यांत जाणार नाहीं." रविवारीं तो आपल्या मुलीला घेऊन स्वतःच आला. पहिल्या फेंकीस विमानानें नाक वर केलें आणि तें मागच्या मागें कोसळलें. नाकाशीं एक रुपयाचें नाणें चिकटविलें, तेव्हां मात्र तें शांतपणें तरंगत जाऊन वाळूवर उतरलें. दोन्ही मुलें त्याच्यामागें धांवलीं.

निघतांना तो टोंचलेला कागद गुंडाळून मीं त्याच्या मुलीच्या हातीं दिला. ती त्यावरून दुसरें विमान करणार आहे.