नवलाईचे मूळ गाव : भिवापूर परिसराची सफर

सुट्यांचे दिवस जवळ आले की घरोघरी एक प्रश्न निघतो : मुलांना या वेळी कोठे न्यायचे? मुंबई-पुण्याकडील एका संपूर्ण पिढीने या प्रश्नाचे उत्तर गोराईच्या खाडीपलीकडे शोधले. 1989 मध्ये तेथे एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. फेरीबोटीतून खाडी ओलांडणे, पलीकडे उंच पाळण्यांची टोके दिसू लागणे आणि परतताना खाऱ्या वाऱ्यात मुलांचे खांद्यावर पेंगणे, या आठवणी आज चाळिशीत आलेल्या अनेक गृहस्थांच्या मनात ताज्या आहेत. ते उद्यान आता बंद आहे. 2013 पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे, आणि ज्यांना परवडते ते सिंगापूर, हाँगकाँग किंवा थेट अमेरिका गाठतात.

परंतु या उद्यानांत मुलाच्या मनाला नेमके काय भुलवते, याचा विचार फारसा होत नाही. उंच झोक्याचे भय क्षणभराचे असते. मनात टिकून राहते ते दुसरेच : उंबरठा ओलांडून वेगळ्या जगात शिरल्याची जाणीव, एक लहानशी आगगाडी, गजबजलेला रस्ता, जंगलाची हूल आणि डोळ्यांत न मावणारे पाणी. या पाच गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे ही नवलाई अवतरते. नागपूरपासून उमरेडमार्गे पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर असलेले भिवापूर हे तालुक्याचे गाव आणि त्याचा परिसर या कसोटीस कसा उतरतो, हे पाहण्यासारखे आहे.

उद्यानाचा उगम एका लहान गावात

जगातील सर्वांत प्रसिद्ध असे हे उद्यान, डिस्नेलँड, 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे उघडले. त्याच्या प्रवेशद्वारातून आत गेल्यावर पहिल्यांदा लागते ती एका जुन्या खेडवळ बाजारपेठेची प्रतिकृती. दुतर्फा दुकाने, घोड्यांची ट्राम आणि टोकाला राजवाडा. दुकानांचे वरचे मजले मुद्दाम प्रमाणापेक्षा लहान बांधलेले आहेत, त्यामुळे इमारती आहेत त्याहून उंच भासतात. सर्व उद्यानाभोवती मातीचा उंच बांध आहे. बाहेरचे जग दिसू नये हा त्याचा हेतू, आणि त्या बांधावरून एक आगगाडी फेरी घालते.

ही बाजारपेठ वॉल्ट डिस्नेने हवेतून आणली नव्हती. 1906 ते 1911 या काळात त्याचे बालपण मिसुरी राज्यातील मार्सेलीन या गावी गेले. हे गाव 1888 मध्ये रेल्वे कंपनीने आपल्या सोयीसाठी वसवलेले. भोवती शेती, जवळपास कोळशाच्या खाणी, एक मुख्य रस्ता आणि एक स्टेशन, एवढाच त्याचा पसारा. त्याचे एक नातलग इंजिनचालक होते. आगगाडीचे वेड त्याला लागले ते तेथेच. पुढे लक्षाधीश झाल्यावर त्याने घराच्या अंगणात छोट्या रुळांवर धावणारी वाफेची गाडी बसवली आणि मग उद्यानाभोवती तीच हौस मोठ्या प्रमाणावर पुरी केली. पाच वर्षांच्या त्या मुक्कामाने त्याला आयुष्यभर पुरेल एवढे भांडवल दिले. 1956 मध्ये तो मार्सेलीनला परत गेला, आणि तेथे जुन्या काळचे शेत जसेच्या तसे उभे करावे असाही त्याचा मानस होता. 1966 मध्ये त्याच्या निधनाने तो बेत तसाच राहिला.

म्हणजे कोट्यवधी लोक तिकीट काढून जे पाहतात, ती मुळात शेती, रेल्वे आणि बाजारपेठ असलेल्या एका सामान्य गावाची आठवण आहे. अशी गावे विदर्भात ठिकठिकाणी आहेत, आणि भिवापूर हे त्यांतील ठळक नाव.

सहा इंचांनी अरुंद

नागपूरच्या इतवारी स्टेशनातून कुही, उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेने सुरू केली. या मार्गाची लांबी सुमारे 106 किलोमीटर. रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. डिस्नेलँडच्या हौशी गाडीचे रूळ तीन फूट अंतराचे आहेत. भिवापूरची खरीखुरी गाडी त्या खेळगाडीपेक्षाही सहा इंचांनी अरुंद होती! तरीही शतकाहून अधिक काळ तिने विद्यार्थी, बाजारकरू, नोकरदार आणि त्यांची गाठोडी वाहिली.

अरुंद रुळांमागे व्यवहाराचा हिशेब होता. रूळ जवळ असले की वळणे लहान घेता येतात, भराव व पूल कमी खर्चात होतात, आणि जेथे मालाची आवक मोठ्या रेल्वेला परवडण्याइतकी नसते तेथेही गाडी पोहोचते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत याच मापाचे रूळ वापरून हे सिद्ध करून दाखवले होते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' याच मापाची, कापसासाठी घातलेली. नेरळ-माथेरानची 1907 ची गाडी तर दोन फुटांची. थोड्या भांडवलात दूरचा बाजार जोडण्याची ही युक्ती व्यापारी मनाला सहज पटावी अशीच आहे.

या मार्गावरील छोटी गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये थांबली आणि रूळ रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. या निर्णयाविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरची गाडी आजच्या माणसाला आणि मालाला पुरणार नव्हती. पण तिच्याबरोबर जे गेले त्याची नोंद कोठेतरी असावयास हवी. खिडकीतून हात बाहेर काढला तर झुडपाची पाने लागत, डब्यात समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे जुळत आणि अनोळखी माणसे ओळखीची होत. या मार्गाच्या काळातील इंजिने व डबे मुलांना दाखवावयाचे असतील तर नागपूरच्या मोतीबाग भागातील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात न्यावे. ते डिसेंबर 2002 मध्ये सुरू झाले. भिवापूरच्या सफरीचा प्रारंभ तेथूनच करणे उत्तम.

लाल रंगाची बाजारपेठ

भिवापूरचे नाव दूरवर नेले ते मिरचीने. गडद लाल रंग आणि तिखटपणा या गुणांमुळे भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या भागात मिरचीचा हंगाम चालतो. वाळत घातलेल्या मिरचीने मोकळी जागा लाल होऊन जाते, आणि गाव दिसण्याआधी नाकाला त्याची वर्दी मिळते. कोणत्याही थीम पार्कला असा उंबरठा बांधता आलेला नाही.

मुलांना येथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मिरची मुळात अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकाच्या सुमारास भारतात आणली, आणि आज तिच्याशिवाय वऱ्हाडी-नागपुरी ताटाची कल्पना करता येत नाही. तिच्यातील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेला चेतवते, म्हणून तिखट खाल्ल्यावर भाजल्यासारखे वाटते. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही. ते मिरची खुशाल खातात आणि तिचे बी दूर नेऊन टाकतात. कॅप्सेसिनच्याच साहाय्याने ही उष्णतेची यंत्रणा शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. घरातील मसाल्याचा डबा एका नोबेलशी जोडलेला आहे, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात.

बाजारात मिरची पारखणारी नजर हा स्वतंत्र विषय आहे. मूठभर मिरची हातात घेऊन दाबली की तिच्या आवाजावरून ओलावा कळतो. रंग एकसारखा आहे की मध्ये पांढुरकी फटकी मिसळली आहे, हे पोत्याच्या तोंडाशी न थांबता तळाचा माल काढून पाहावे लागते. देठ शाबूत आहे का, बी सुटले आहे का, बारदानाचे वजन किती धरावयाचे, या साऱ्या गोष्टी पुस्तकात शिकवल्या जात नाहीत. एखाद्या जुन्या पेढीवर आजोबा नातवाला पोत्यात हात घालावयास लावतात, तेव्हा चालते ते खरे शिक्षण. पुढे तोच नातू चारचौघांच्या देखत तेच डोळे चोळतो आणि दुसरा धडा आपोआप शिकतो.

या लाल वैभवाची दुसरी बाजूही मुलांना दाखवली पाहिजे. भिवापूर आणि आजूबाजूच्या गावांत मिरचीचे सातरे चालतात. तेथे ओळीने बसलेल्या स्त्रिया मिरचीचे देठ खुडतात. दिवसभर मिरचीच्या धुळीत बसून काम करावयाचे, ठसका आवरावयाचा आणि घरी गेल्यावर आग होणाऱ्या हातांनीच पोळ्या लाटावयाच्या, असा तो दिनक्रम. या कामावर परिसरातील अनेक घरांच्या चुली पेटतात. थीम पार्कमध्ये कष्ट करणारा माणूस पाहुण्यांच्या नजरेआड ठेवला जातो. येथे तो समोर बसलेला असतो. व्यापारी घरातील मुलाने तिखटाच्या पुडीमागचा हा हात एकदा तरी पाहावा. मजुरीचा आकडा वहीत लिहिताना पुढे त्याचे मन थोडे सैल राहील.

खुद्द भिवापुरी वाणही आता सहज दिसत नाही. संकरित बियाण्यांचे उत्पन्न अधिक आणि कापूस-सोयाबीनला धोका कमी, म्हणून शेतकरी तिकडे वळला, आणि अस्सल वाणाचे क्षेत्र आकसले. मानांकनाचे प्रमाणपत्र नाव राखते, पण वाण राखावयाचा तर त्याला भाव देणारे गिऱ्हाईक लागते. वर्षाचे तिखट भरताना दोन किलो अस्सल भिवापुरी मागून घेणे, हे प्रत्येक कुटुंबाला जमण्यासारखे आहे.

वेळापत्रक नसलेले जंगल

डिस्नेलँडच्या जंगलसफरीत खरे प्राणी असावेत अशी प्रथम कल्पना होती. परंतु प्राणी पाहुण्यांच्या वेळी झोपलेले किंवा दडलेले असतील, हे लक्षात आल्यावर यांत्रिक प्राणी बसवण्यात आले. ते ठरल्या क्षणी डोके वर काढतात. भिवापूरच्या शेजारी असलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात अशी हमी कोणी देत नाही. 2012 मध्ये घोषित झालेले, सुमारे 189 चौरस किलोमीटरचे हे अरण्य नागपूर व भंडारा या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे.

येथे 'जय' नावाचा भव्य वाघ होता. तो नागझिऱ्याच्या जंगलातून शेते, रस्ते, नद्या ओलांडत येथे आला आणि पर्यटकांचे आकर्षण बनला. 2016 मध्ये तो एकाएकी दिसेनासा झाला. मोठा शोध घेऊनही तो परत दिसला नाही. मुलाने विचारले, "मग त्याचे झाले काय?" तर वडीलधाऱ्यांना गप्प राहावे लागते. ही शांतताही सफरीचाच भाग आहे. वाघ दिसेलच या आग्रहाने गेलेले कुटुंब हिरमुसून परतते, आणि सांबराची साद, पानांवरचे दव, मातीत उमटलेला पंजा यांसाठी गेलेले कुटुंब भरल्या मनाने येते.

वैनगंगेचे पाणी

पूर्वेकडे थोड्या अंतरावर पवनी आहे. वैनगंगेच्या काठचे हे प्राचीन नगर. त्याची मातीची तटबंदी आजही ओळखू येते, आणि 1969-70 च्या उत्खननात येथे बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. जवळच गोसेखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी 1988 मध्ये झाली. जलाशयाचा विस्तार पाहून विदर्भाच्या उन्हात वाढलेले मूल थक्क होते. मात्र या पाण्याखाली नागपूर-भंडारा जिल्ह्यांतील अनेक गावांची घरे, देवळे आणि शेते गेली आहेत, हेही त्याच वेळी सांगावे. कुही तालुक्यातील आंभोरा येथे नद्यांचा संगम असून 'विवेकसिंधू' या आद्य मराठी ग्रंथाशी परंपरा या स्थानाचे नाव जोडते. संध्याकाळी तेथील पाण्यावर रंग उतरू लागले की मुले आपसूकच गप्प होतात.

कुटुंबाने जावे कसे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. थंडी सुखावह असते आणि मिरचीचा हंगामही असतो. पावसाळ्यात अभयारण्य बंद राहते, म्हणून प्रवेशाची चौकशी आधी करावी. पहिला दिवस नागपूरचे संग्रहालय आणि उमरेडमार्गे भिवापूरचा बाजार. दुसऱ्या दिवशी पहाटे जंगल, दुपारी पवनी आणि ऊन उतरण्यापूर्वी वैनगंगेचा काठ, असे दोन दिवस पुरेसे होतात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवावा, कारण आडमार्गावर वेळेवर जेवण मिळेलच असे नाही. मुलांसाठी हातरुमाल न्यावा, आणि मिरचीला हात लावल्यावर डोळ्यांना लावू नये, ही सूचना निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर अशी दोनदा द्यावी.

विदर्भातील अनेक व्यापारी कुटुंबांची मुळे अशाच एखाद्या स्टेशनच्या गावात आहेत. पेढी नागपूरला, मुंबईला हलली, आणि गावचे घर कुलपात राहिले. भिवापूरला जाणे ज्यांना दूर पडते, त्यांनी आपले ते गाव निवडावे. आजोबांचे दुकान कोठे होते, गाडी कोठे थांबे, काटा कोठे लागे, हे मुलांना जागेवर उभे राहून दाखवावे. सांगणारे वडीलधारे आज घरात आहेत, तोवर ही सफर उरकून घ्यावी.