मश्क

उर्दूत मश्क म्हणजे सराव. पण नुसते सराव म्हटल्याने त्याचा अर्थ पुरता येत नाही. तख्तीवर एकच ‘नून’ शंभरदा गिरवायचा, त्याचे पोट नीट गोल येईपर्यंत पुढचे अक्षर घ्यायचे नाही, ही मश्क. हा शब्द मी वर्गात रोज वापरतो. त्याचा खरा अर्थ मात्र मला इलेक्ट्रिक गिटारने शिकवला!

एडी व्हॅन हेलन या अमेरिकन वादकाची ‘इरप्शन’ ही रचना 1978 साली त्याच्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये आली. लांबी अवघी 1 मिनिट 42 सेकंद. शेवटच्या भागात उजव्या हाताचे बोटही गिटारच्या दांडीवर येऊन तारेवर आघात करते आणि डाव्या हाताची बोटे तीच तार दाबत-सोडत राहतात. ऐकणाऱ्याला वाटते, हा वेगाचा खेळ आहे. शिकायला बसले की कळते, वेग सगळ्यात शेवटी येतो.

मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावायचा. चार-सहा स्वरांचा तुकडा घ्यायचा. प्रत्येक स्वर स्वच्छ हवा, बाकीच्या तारा गप्प हव्यात. सलग दहा वेळा बिनचूक आला, तरच 64. घाईत वाजवले तर बोटांना चूकही पाठ होते, आणि ती पुसायला फार दिवस लागतात.

ही रीत मला परकी वाटली नाही. माझे अब्बा हाफिज-ए-कुरआन आहेत. हिफ्ज करणारा मुलगा रोज तीन गोष्टी ऐकवतो : सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबकी म्हणजे मागच्या काही दिवसांचे, आणि मंजिल म्हणजे त्याआधीचे पाठ झालेले. कलाम-ए-पाकची आणि गिटारची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. मी मेहनतीच्या पद्धतीबद्दल बोलतो आहे. सोलोचे तुकडे मी याच तीन रांगांत मांडले.

संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांत जुना मतभेद आहे. अब्बांचे मत कडक आहे, माझे तसे नाही. दोघांनीही आपली जागा सोडलेली नाही. मी हेडफोन लावून वाजवतो. तरी तारांचा कोरडा आवाज भिंतीपलीकडे जातोच. एकदा तिकडून आवाज आला, ‘‘पिछला कच्चा है, और आगे कू चला?’’

टोनी आयोमीची हकीकत मी त्यांना सांगितली. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात 17 व्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राने कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटे! त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’चा वादक झाला. सोलापुरात यंत्रमागावर बोट गमावलेली माणसे अब्बांनी पाहिली आहेत. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘मेहनती आदमी है.’’ संगीताबद्दल अवाक्षर नाही. मला तेवढे पुरले.

आपल्या शाळांत ‘तेज’ मुलाचे फार कौतुक होते. सावकाश वाचणारा ‘कमजोर’ ठरतो, आणि पोर्शन त्याच्यासाठी थांबत नाही. घरी शिकवणी लावायला पैसे नसलेले ते मूल मग हळूहळू शाळेतूनच गळते. अब्बांच्या मदरशात मागचे पक्के होईपर्यंत पुढचा सबक मिळत नाही, आणि यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांनाही 60 ठोक्यांवर थांबायची मुभा हवी.