भुताच्या गोष्टी, छातीतली धडधड आणि झोप

या वेळी बीपी नाही, शुगर नाही, मुतखडाही नाही. या वेळी भुताच्या गोष्टी.

विषय काढायला कारण आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत नामपूरच्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो. पोराची आई विचारते, नव्या सुनेची सासू विचारते, कधी वाचणारा स्वतःच जरा ओशाळून विचारतो: "डॉक्टर, रात्री मोबाइलवर भुताच्या गोष्टी वाचल्या तर डोक्यावर परिणाम होतो का?" मी स्वतः भयकथांचा जुना वाचक आहे. तेव्हा या बाबतीत मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या पिढीला ही गोडी लागली ती वाचनालयातून. नारायण धारपांची पुस्तकं हातोहात फिरून पार मऊ झालेली असायची, शेवटचं पान शाबूत असेल तर नशीब. धारप (1925 ते 2008) पुण्याचे. शंभराहून अधिक पुस्तकं त्यांनी लिहिली. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून त्यांनी 'लुचाई' लिहिली, पण वाचताना ती परक्या मुलखातली वाटत नाही. दुसरे रत्नाकर मतकरी. त्यांच्या 'खेकडा'सारख्या कथांना ते गूढकथा म्हणत, आणि ते योग्यच होतं, कारण त्यांच्या गोष्टीत भुतापेक्षा माणसाची भीती जास्त वाटते. शिवाय दिवाळीत 'धनंजय' आणि 'नवल' असायचे. फराळाच्या ताटाशेजारी उघडा ठेवलेला अंक आणि त्यात विहिरीवर बसलेली बाई, हे समीकरण अनेक घरांत होतं.

आता ही गादी मोबाइलवाल्यांकडे गेली आहे. 2014 साली बेंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीवर कोणालाही मराठीत गोष्ट लिहून टाकता येते. किंडलवरही स्वतःचं मराठी पुस्तक प्रकाशकाशिवाय काढता येतं. त्यामुळे हल्ली भयकथा लिहिणारा माणूस शाळामास्तर असतो, नर्स असते, बँकेतला क्लार्क असतो. मध्ये ना प्रकाशक, ना संपादक. याचे तोटे दिसतातच: शुद्धलेखनाचा आनंद, एकाच वाड्यात त्याच त्या पैंजणांचा आवाज, आणि ऐन मोक्याला 'क्रमशः'. दहा गोष्टी उघडाव्यात तेव्हा दोन बऱ्या निघतात.

पण त्या दोनांसाठी मी उरलेल्या आठ वाचतो. कारण ही माणसं आपापल्या गावाबद्दल लिहितात. धारपांच्या गोष्टीतला वाडा मी कधी पाहिला नव्हता. या गोष्टींतली कांदाचाळ मात्र मी रोज पाहतो. अशीच एक वीस-पंचवीस पानांची गोष्ट मध्यंतरी वाचली. उन्हाळ कांदा चाळीत भरलेला आहे, भाव पडलेले आहेत, आणि म्हातारा रोज रात्री बॅटरी घेऊन सडलेला कांदा निवडून गोण्या भरतो. झोपण्यापूर्वी गोण्या मोजतो. दर वेळी एक जास्त भरते. बस, एवढंच. शेवटपर्यंत भूत येत नाही. त्या जास्तीच्या गोणीत काय आहे हे लेखकाने सांगितलेलं नाही, आणि म्हाताऱ्यानेही ती उघडलेली नाही. संपादक असता तर त्याने कदाचित शेवट मागितला असता. संपादक नव्हता ते बरं झालं.

ती गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या काट्याचं शरीरशास्त्र सोपं आहे. मेंदूत आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची चाहूल लागली की तो आधी घंटा वाजवतो आणि खातरजमा मागाहून होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास भरभर होतो, तळहात ओले होतात, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात आणि केस उभे राहतात. त्याच वेळी कपाळामागचा विचार करणारा मेंदू सांगत असतो, की आपण घरी पलंगावर आहोत आणि बाजूला बायको घोरते आहे. शरीर पळायच्या तयारीत आणि मन निवांत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी. गंमत त्यातच आहे. आणि भीती ओसरली की जे हलकं वाटतं, ते तर फुकटचं.

मात्र प्रमाण लागतं. डेन्मार्कमध्ये वेले या गावी पैसे देऊन घाबरायला जायचं एक 'भुताटकीचं घर' आहे. तिथे संशोधकांनी 110 लोकांना हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे बांधून आत सोडलं. निष्कर्ष 2020 मध्ये छापून आला. सगळ्यात जास्त मजा आली ती मध्यम घाबरलेल्यांना. फार कमी घाबरणाऱ्याला कंटाळा, फार घाबरणाऱ्याला त्रास. भाजीतल्या तिखटासारखंच हे, आणि प्रत्येकाच्या जिभेचं माप वेगळं. म्हणून नवऱ्याला आवडते ती गोष्ट बायकोला सोसली पाहिजे असं नाही. त्यात भित्रेपणा काही नाही.

दुसरा एक अभ्यास सांगायचा मोह आवरत नाही. आपण म्हणतो ना, भीतीने रक्त गोठलं? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ते खरंच तपासलं. 24 तरुण निरोगी लोकांना त्यांनी एक भयपट आणि एक साधा माहितीपट दाखवला आणि आधी-नंतर रक्त घेतलं. भयपटानंतर रक्त गोठायला मदत करणारा 'फॅक्टर आठ' हा घटक बऱ्याच जणांत वाढलेला निघाला. प्रत्यक्षात कोणाच्या रक्तात गाठ वगैरे झाली नाही. जखम होण्याची वेळ आलीच तर रक्त वाया जाऊ नये, अशी ही शरीराची तयारी असावी. हे 2015 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात आलं. त्या अंकात गंभीर लोक थोडी गंमत करून घेतात.

आता दवाखान्याच्या बाजूने बोलतो.

गोष्ट वाचताना झालेली धडधड गोष्ट बाजूला ठेवली की काही मिनिटांत खाली येते. पुस्तक मिटलेलं असताना, भाजी निवडताना, बसमध्ये, कशाही कारणाशिवाय धडधड होत असेल, तर बिचाऱ्या गोष्टीला दोष देऊ नका. रक्त कमी असणं, थायरॉइड, ठोक्यांची अनियमितता, पॅनिक अटॅक, यांतलं काहीही असू शकतं आणि ते तपासून कळतं. आणि छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम असं काही झालं, तर 'रात्री ते भलतंसलतं वाचलं ना' असं म्हणत घरी बसायचं नाही. ताबडतोब ईसीजी काढायचा.

दुसरी तक्रार झोपेची. इथे मला भुतापेक्षा 'क्रमशः'चीच जास्त धास्ती वाटते. साडेदहाला उघडलेली गोष्ट 'पुढील भाग' दाबत दाबत दीड वाजवते. सकाळी डोकं जड, चिडचिड, आणि घरचे म्हणतात भुतांच्या गोष्टींनी पोराला झपाटलं. झपाटलंय ते जागरणाने. शिवाय डोळ्यांसमोरचा उजेड झोपेला लांब ढकलतो. भाग मोजून वाचायचे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आणि आता ज्यासाठी मी खरं म्हणजे हा लेख लिहायला घेतला ते.

आपल्याकडे शेतीची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की कांद्याला पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं, बिबट्याची आणि सापाची भीती, आणि वेळ जायला हातात मोबाइल. अशाच एका तरुण शेतकऱ्याने सांगितलेलं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पहाटे घरी येऊन पडलो, डोळा लागला, आणि जाग आली तर हात-पाय हलेनात. छातीवर कोणीतरी बसलेलं. दारात काळी आकृती. ओरडावं तर आवाज फुटेना. मिनिटभराने सगळं गेलं. असं महिन्यात तीनदा झालं. घरच्यांनी बाहेरचं आहे म्हणून दोन ठिकाणी नेऊन आणलं होतं, पैसे गेले होते, आणि तो झोपायलाच घाबरू लागला होता.

याला इंग्रजी वैद्यकात स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात आपण पळायला लागलो तर खरोखरच भिंतीवर आदळू. कधी कधी मन आधी जागं होतं आणि स्नायूंची कडी काढायची राहून जाते. डोळे उघडे, शरीर बंद, आणि स्वप्नाचा तुकडा अजून खोलीतच. ते काही सेकंद ते एक-दोन मिनिटं टिकतं आणि आपोआप सुटतं. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. अपुरी झोप, पाळीपाळीची झोप, उताणं झोपणं, मनावरचा ताण यांनी तो वाढतो. रात्री पाणी भरणाऱ्या माणसाकडे यातलं सगळंच असतं. जगभर लोकांनी याला नावं दिली आहेत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर 'म्हातारी' बसते, जपानमध्ये त्याला कानाशिबारी म्हणतात. 1781 साली फ्युसेली या चित्रकाराने झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेलं भूत रंगवलं, ते चित्र पाहून माझा पेशंट म्हणाला, "डॉक्टर, अगदी हेच!"

त्याच्या मोबाइलमध्ये पुष्कळ भयकथा होत्या. त्यांनी त्याला आजारी पाडलं नव्हतं. पण त्यांतल्या अनेकींच्या डोक्यावर 'सत्य घटना' असा शिक्का होता, आणि त्यांत त्याच्याच लक्षणांचं वर्णन होतं: छातीवरचा भार, दारातली आकृती, न फुटणारा आवाज. शेवट ठरलेला, आठवड्याभरात माणूस खलास. रात्री दोन वाजता बांधावर एकट्या बसलेल्या माणसाने हे खरं म्हणून वाचलं, तर पहाटे त्याला झोप कशी लागावी?

धारप वाचताना आपल्याला ठाऊक असतं की ही कादंबरी आहे. मुखपृष्ठ मिटलं की समंध आत. 'सत्य घटना' म्हटलं की ते मिटणंच आपल्या हातात राहत नाही. म्हणून स्वतः गोष्टी लिहून प्रसिद्ध करणाऱ्या माझ्या वाचकांना विनंती आहे, की हा शिक्का मारू नका. तुमच्या कांदाचाळीला, तुमच्या विहिरीला त्याची गरज नाही. गोष्ट चांगली असेल तर खोटी असूनही काटा आणते. खरं तर खोटी आहे म्हणूनच तिची मजा घेता येते.

त्या तरुणाला मी वाचन बंद करायला सांगितलं नाही. कुशीवर झोपायला सांगितलं, पाळी रात्रीची असेल त्या दिवशी दुपारी खोली अंधारी करून सलग झोप घ्यायला सांगितलं, आणि पुन्हा तसं झालं तर धडपड न करता एखादं बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करायला सांगितलं. काय होतंय हे कळल्यावरच त्याची निम्मी भीती गेली. महिन्याभराने आला तेव्हा एकदाच झालं होतं, आणि त्या वेळी, त्याच्याच शब्दांत, 'मी त्याला ओळखलं.'

ज्यांनी काही दिवस या गोष्टी लांब ठेवाव्यात अशी माणसंही आहेत. नुकताच घरात मृत्यू झालेला आहे, अपघात पाहिला आहे, बाळंतपणानंतर मन खचलेलं आहे, कानात आवाज येतात, किंवा कोणीतरी आपल्यावर काही करतंय अशी खात्री वाटते, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं. हा आजार असतो, त्याला उपचार असतात. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. आणि लहान मुलांना जेवत नाही म्हणून बागुलबुवा दाखवू नका. त्यांच्याकडे पुस्तक मिटण्याची सोय अजून तयार झालेली नसते. थोडी मोठी मुलं मागून मागून भुताच्या गोष्टी ऐकत असतील, तर सांगा, शेजारी बसून, आणि मध्येच थांबायची मुभा त्यांच्याकडे ठेवून.

बाकीच्यांनी खुशाल वाचाव्यात. सिनेमापेक्षा वाचणं मला तरी सौम्य वाटतं: अचानक किंचाळणारं संगीत नसतं, वेग आपल्या हातात असतो, नको वाटलं तर पान उलटता येतं. सुरुवात करायची असेल तर मतकरींच्या एखाद्या कथासंग्रहाने करा, मग मोबाइलवरच्या नव्या लेखकांकडे वळा. आधी एकाच भागात संपणारी गोष्ट निवडा. चांगली सापडली तर दवाखान्यात येताना मला तिचं नाव सांगा. कांदाचाळवाल्याची दुसरी गोष्ट अजून आलेली नाही.